विज्ञान-खेळांच्या संचाचा वर्षभराचा अनुभव, आणि त्यातल्या ड्रॉपरची कहाणी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मिळणारा हा विज्ञान-खेळांचा संच बालवर्ग चालवणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. ड्रॉपर (रबरी टोपी दाबून थेंब सोडायची नळी), रंगाच्या गोळ्या, पारदर्शक टब, प्लॅस्टिकची बदके-मासोळ्या, काचेच्या गोट्या, भिंग, लोहचुंबकाची काठी आणि प्रयोगांची कार्डे अशा वस्तू डब्यात येतात. अमळनेरच्या आमच्या छोट्या बालवर्गासाठी मी तो दिवाळीनंतर २,१९९ रुपयांना मागवला. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत माझी त्याबद्दल विशेष तक्रार नव्हती. जूनमध्ये वर्ग पुन्हा भरल्यावर डबा उघडला, तेव्हा दोन्ही ड्रॉपरांच्या रबरी टोप्या चिरलेल्या निघाल्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात त्याहून अधिक तापते, हे खरे आहे. परंतु देशभर विकण्याच्या वस्तूला खानदेशचा उन्हाळा सोसता येऊ नये, हे मला पटत नाही.

कंपनीच्या ग्राहक सेवेला मी कळवले. ड्रॉपर हा ‘वापरून संपणारा भाग’ असल्याने त्याला हमी लागू नाही, असे उत्तर आले. मग पैसे घेऊन सुटा ड्रॉपर पाठवा, असे लिहिले. तसा तो मिळत नाही, असे त्यांनी कळवले. ४४९ रुपयांचा पूरक संच घ्यावा लागेल, ज्यात रंगाच्या गोळ्या, फुगे, गाळणकागद आणि दोन ड्रॉपर येतात, शिवाय कुरियरचा खर्च वेगळा. रंगाच्या गोळ्या संपल्यावर आम्ही त्यांची उणीव कधी जाणवूही दिली नाही आणि फुगे तर बाजारपेठेत कोणत्याही दुकानात मिळतात. म्हणजे दोन रबरी टोप्यांसाठी साडेचारशे रुपये. मी पुन्हा लिहिले, तेव्हा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. निराकरण कोणते, ते मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

एवढ्याशा नळीसाठी इतका त्रागा कशाला, असे वाचणाऱ्याला वाटेल. परंतु माझ्या मते या संपूर्ण संचात चार वर्षांच्या मुलाला खऱ्या अर्थाने प्रयोग करू देणारी वस्तू तीच आहे. मूल आधी नळी पाण्यात बुडवते, मग टोपी दाबते. बुडबुडे येतात, पण पाणी वर चढत नाही, कारण दाब सोडण्याआधीच ते नळी बाहेर काढते. आधी दाबायचे, मग बुडवायचे आणि पाण्यातच सैल सोडायचे, हा क्रम कोणी सांगितला नाही तरी मुले तो स्वतः शोधून काढतात, आणि एकाला जमले की शेजारच्याला लगेच जमते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जी ताकद पुढे पेन्सिल धरण्यासाठी लागते, तिचा सरावही याच खेळात होतो.

रुपयाच्या नाण्यावर एकेक थेंब सोडण्याचा खेळ आमच्याकडे सर्वाधिक रंगला. नाण्याच्या कडेपर्यंत पाणी पोहोचले की मुलांना वाटते, आता सांडणार. पण ते सांडत नाही, वर घुमटासारखे फुगते. एक मुलगी तर दातांत जीभ धरून, डोळे नाण्याच्या पातळीला आणून थेंब सोडत होती, आणि पाणी अखेर ओघळले तेव्हा तिने ताबडतोब नाणे पुसून पुन्हा सुरुवात केली. याच प्रयोगाच्या कार्डावर ‘मुलांना पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण, ज्यामुळे तो घुमट टिकतो) समजावून सांगा’ अशी सूचना छापलेली आहे. ती वाचून मी कार्ड बाजूला ठेवले.

कार्डांविषयी माझे मत एकंदरीतच बरे नाही. ती फक्त हिंदी आणि इंग्रजीत आहेत, आणि बहुतेक कार्डे मुलाने पाहण्याआधीच उत्तर सांगून मोकळी होतात. रुंद पेल्यातले पाणी उंच नळीत ओतले की ‘पाणी तेवढेच आहे हे मुलांना सांगा’ असे एक कार्ड म्हणते. या वयाच्या मुलांना उंच भांड्यातले पाणी अधिक वाटते, हे मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेने फार पूर्वी दाखवून दिले आहे. सांगून ते बदलत नाही. आमची मुले तेच पाणी पुन्हा पुन्हा इकडून तिकडे ओततात आणि तरीही नळीतले पाणी जास्त असल्याचे ठामपणे सांगतात. मी त्यांना ओतू देते.

तरंगणे-बुडणे या खेळाबाबत मात्र मला मत बदलावे लागले. संचासोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या बदक-मासोळ्या तरंगतात आणि काचेच्या गोट्या बुडतात, यात कोणालाच नवल वाटले नाही, म्हणून तो पारदर्शक टब मी निरुपयोगी ठरवला होता. हिवाळ्यात भरताची मोठी वांगी बाजारात आली, तेव्हा एक वांगे टबात सोडले. एवढे मोठे वांगे तरंगले आणि त्याच्याजवळ टाकलेला चिंचोका तळाला गेला. “बुडी गयं!” असे ओरडून सगळी मुले टबाभोवती जमली आणि मग घरून वस्तू आणण्याची चढाओढच लागली.

त्यातच एका मुलाने शेतातून वेचलेला कापूस आणला. औषधाच्या दुकानातला कापूस पाण्यावर ठेवताच भिजून खाली गेला. शेतातला कापूस मात्र कितीतरी वेळ कोरडाच तरंगत राहिला. कच्च्या कापसाच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि औषधी कापसातून तो प्रक्रिया करून काढून टाकलेला असतो, हे कारण मला माहीत होते, पण मी सांगितले नाही. मुलांनी कापूस पाण्याखाली दाबून धरला, सोडला, पिळून पाहिला. एवढा चांगला प्रयोग आमच्या तालुक्यात शेतोशेती पडलेला असताना संचाने बदके पाठवावीत, याची गंमत वाटते. टब मात्र उपयोगाचा आहे, हे मान्य करते. बाजूने आत पाहता येते, हा त्याचा गुण घमेल्याला नाही.

एका पालकाने विचारले की इतके सगळे घरचेच वापरायचे, तर संच घेतलाच कशाला. प्रश्न वाजवी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला परिसरातील शंख-शिंपले, पाने, बिया यांवर बालवाडी उभी केली. अरविंद गुप्ता यांनी तर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून विज्ञान शिकवून दाखवले. तरीही दोन वस्तूंसाठी मी या संचाच्या बाजूने बोलेन. एक म्हणजे मोठे, न फुटणारे भिंग. दुसरी म्हणजे लोहचुंबकाची काठी, जिच्यातले चुंबक प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बंद आहे. लहान सुटी चुंबके या वयात हाती देऊ नयेत, कारण दोन चुंबके गिळली गेल्यास ती आतड्याच्या भिंतींना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि भिंतीला छिद्र पडू शकते. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे; या डब्यावर ते आहे, आणि काठीचा सांधा वर्षभरात उकलला नाही.

ड्रॉपरसाठी मी अखेर धुळ्याहून प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून एकसंध प्लॅस्टिकच्या नळ्या मागवल्या. त्यांना वेगळी रबरी टोपी नसते, त्यामुळे चिरण्याचा प्रश्न नाही, आणि मूठभर नळ्या पूरक संचाच्या चौथाईहूनही कमी पैशांत आल्या. जरा जोरात दाबले की थेंबाऐवजी धार येते, एवढा एक दोष आहे. मुलांना हलकेच दाबायला शिकावे लागले. सध्या त्याच नळ्यांनी हळदीच्या कागदावर काम चालू आहे. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला की कागद तांबडा होतो आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा. संचातल्या रंगाच्या गोळ्यांपेक्षा हे मुलांना अधिक आवडले आहे आणि खर्च चिमूटभर हळदीचा.

पाचपैकी तीन तारे देत आहे. कोणाला हा संच घ्यायचाच असेल, तर मागणी नोंदवण्यापूर्वी कंपनीला सुटा ड्रॉपर मिळेल का, असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.