स्प्रिंगची गणिते: कार्याची रीत की स्थितिज ऊर्जेची?

स्प्रिंगचे एकच गणित दोन रीतींनी सुटते: स्प्रिंगच्या बलाने केलेले कार्य मोजून किंवा स्थितिज ऊर्जेचा हिशोब मांडून.

पहिल्या रीतीत चिन्हाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. F = −kx (F म्हणजे स्प्रिंगचे बल, k म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक, x म्हणजे मूळ लांबीपासूनचे विस्थापन) या सूत्रातले ऋण चिन्ह बलाची दिशा विस्थापनाच्या उलट, म्हणजे समतोल स्थानाकडे आहे एवढेच सांगते; x ऋण असेल, तर बल आपोआप धन येते. स्प्रिंग मूळ लांबीपासून x इतकी ताणताना वा दाबताना स्प्रिंगचे कार्य −½kx² असते, आणि ती सावकाश ताणणाऱ्या हाताचे +½kx². कार्य कोणाचे, हे आधी न ठरवल्यामुळेच बहुतेक उत्तरे चुकतात.

दुसऱ्या रीतीत स्थितिज ऊर्जा U = ½kx² असल्याने ताण असो वा दाब, ऊर्जा धनच राहते. समजा, 200 न्यूटन प्रति मीटर स्थिरांकाची आडवी स्प्रिंग 0.1 मीटर दाबून 0.5 किलोग्रॅमचा ठोकळा सोडला. साठलेली 1 ज्यूल ऊर्जा, घर्षण नसल्यास, समतोल स्थानी पूर्णपणे गतिज होते आणि वेग 2 मीटर प्रति सेकंद येतो. दिशेचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्थात वेगाची दिशाही यातून कळत नाही.

केवळ वेग हवा असेल तर मी निःशंकपणे दुसरी रीत निवडेन. त्वरण हवे असेल तर मात्र बलाकडेच वळावे लागते. एकाच समीकरणात स्प्रिंगचे कार्य आणि तिची स्थितिज ऊर्जा दोन्ही धरू नयेत, कारण स्थितिज ऊर्जेतला बदल ΔU म्हणजेच त्या कार्याचे ऋण मूल्य होय.