हेल्पमधून शेअर्ड फोल्डरला लिंक द्यायची का, आणि दिली तर कुठली?

‘नमुना फाइल इथे आहे’, ‘इन्स्टॉलर इथून घ्या’. हेल्प लिहिताना हे वाक्य येतंच, आणि त्या ‘इथे’वर लिंक कसली द्यायची हा प्रश्नही. ऑफिसच्या सर्व्हरवरचा शेअर्ड फोल्डर, गूगल ड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरचा क्लाउड फोल्डर, नाहीतर फाइल हेल्पबरोबरच देऊन टाकायची. पुण्यात सॉफ्टवेअरची हेल्प लिहिताना मी हे तिन्ही रस्ते वापरले आहेत आणि माझं मत पक्कं झालंय. फोल्डर वाचणार कोण हे सगळेच विचारतात. त्यात लिहू कोण शकतं, हे आधी विचारायला हवं. मेलमधल्या लिंककडे माणूस संशयाने बघतो, हेल्पमधल्या लिंकवर डोळे झाकून क्लिक करतो.

एका कंपनीत हे जवळून पाहिलं. नवीन रुजू होणाऱ्यांच्या गाइडमध्ये इन्स्टॉलरच्या फोल्डरची लिंक होती आणि फोल्डरची परवानगी होती ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’. दुसऱ्या टीममधल्या कुणीतरी टेस्टिंगचा बिल्ड, म्हणजे चाचणीपुरती कच्ची आवृत्ती, त्याच नावाने तिथे टाकला. आठवडाभर सगळी नवीन मुलं तोच इन्स्टॉल करत राहिली. टाकणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण व्हायरस टाकायचा असता तरी रस्ता हाच होता.

सर्व्हरवरचा फोल्डर

दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, फोल्डरचं नाव; झाली लिंक. सोपी आहे म्हणून सगळ्यांना आवडते. पण क्लिक केल्यावर विंडोज त्या सर्व्हरवर तुमच्या नावाने आपोआप लॉगिन करायला जातं. एनटीएलएम ही विंडोजची जुनी लॉगिन पद्धत चालू असेल तर पासवर्डच्या हॅशवरून, म्हणजे त्याच्या सांकेतिक रूपावरून, तयार झालेलं उत्तर समोरच्या मशिनला मिळतं. समोरचं मशिन चोराचं असेल तर त्यावरून तो पासवर्ड शोधू शकतो, किंवा तेच उत्तर दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे ढकलून तुमच्या नावाने आत शिरू शकतो. मार्च २०२३मध्ये आउटलुकमधली एक मोठी त्रुटी दुरुस्त झाली, तिचं मूळ हेच होतं. रिमाइंडरच्या आवाजाची फाइल म्हणून हल्लेखोराच्या शेअरचा पाथ दिला की मेल न उघडताही ही माहिती बाहेर जायची.

मला जास्त काळजी वाटते ती मेलेल्या लिंकची. जुना सर्व्हर बंद झाला, डीएनएसमधून, म्हणजे नेटवर्कवरच्या नावांच्या यादीतून, त्याचं नाव काढलं, पण हेल्पमधला पाथ तसाच राहिला. कुणी क्लिक केलं की नाव सापडत नाही म्हणून विंडोज लोकल नेटवर्कवर हाक मारतं, ‘या नावाचं कोण आहे?’ ही एलएलएमएनआरची सोय बंद केलेली नसेल, तर नेटवर्कवरचं कुठलंही मशिन ‘मीच तो’ म्हणून ओ देऊ शकतं. म्हणजे जुनी लिंक नुसती निरुपयोगी नसते, ती उघडं दार असते. सर्व्हरच्या नावाऐवजी डीएफएसचा पाथ (खऱ्या सर्व्हरकडे नेणारं कायमचं नाव) दिला तर मशिन बदललं तरी लिंक टिकते.

शिवाय ही लिंक बऱ्याचदा चालतच नाही. वेब हेल्पमधून फाइल पाथवर क्लिक केलं तर क्रोम आणि फायरफॉक्स ती उघडू देत नाहीत, आणि वाचकाला वाटतं लिंकच बिघडली आहे. एजमध्ये इंट्रानेटवरच्या पानांपुरती ही सोय पॉलिसीने सुरू करता येते. ती नसेल तर पाथ साधा मजकूर म्हणून द्या, लोक कॉपी करून घेतील.

सीएचएम (विंडोजची जुनी, एका फाइलमधली हेल्प) फाइलच शेअरवर ठेवली, तर डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पान कोरं. जून २००५च्या सुरक्षा अपडेटपासून हे असंच आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) ‘मॅक्सअलाउडझोन’ वाढवा, असा उपाय लोक एकमेकांना सांगत असतात. तो सगळ्या मशिनवर करू नका. बंद केलेली वाट त्याने पुन्हा मोकळी होते. फाइल लोकल डिस्कवर कॉपी करायला सांगणं बरं.

क्लाउडवरचा फोल्डर

इथे वरची पासवर्डची भानगड नाही, घरून काम करणाऱ्यालाही लिंक चालते, आणि कुणी काय बदललं याची नोंद राहते. धोका एकाच सेटिंगमध्ये आहे: ‘लिंक असलेला कोणीही’.

मायक्रोसॉफ्टच्या एआय संशोधकांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या सार्वजनिक प्रकल्पात ‘मॉडेल इथून डाउनलोड करा’ म्हणून ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या स्टोरेजची लिंक दिली होती. तिच्यातलं टोकन, म्हणजे लिंकमध्येच असलेला परवाना, त्या एका फोल्डरपुरतं नव्हतं, अख्ख्या खात्याला लागू होतं, आणि त्यात लिहायची-पुसायचीही मुभा होती. विझ या सुरक्षा कंपनीला जून २०२३मध्ये हे सापडलं (जाहीर केलं सप्टेंबरमध्ये) तेव्हा ३८ टेराबाइट डेटा उघडा होता. त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअप आणि टीम्सवरचे ३०,०००हून अधिक अंतर्गत मेसेज होते. टोकनची मुदत होती २०५१पर्यंत. हेल्पमधलं एक साधं वाक्य होतं ते, तुम्ही-आम्ही रोज लिहितो तसलं.

म्हणून लिंक ‘फक्त संस्थेतल्यांना’ आणि ‘फक्त पाहण्यासाठी’. फोल्डर कुणाच्या वैयक्तिक ड्राइव्हमध्ये नको. माणूस नोकरी सोडतो आणि लिंक त्याच्याबरोबर जाते. लिंका आपोआपही बदलतात. सप्टेंबर २०२१मध्ये गूगलने काही ड्राइव्ह फाइलींच्या लिंकमध्ये सुरक्षेसाठी जादा की (अक्षरांची किल्ली) घातली, आणि ती फाइल आधी न उघडलेल्यांना जुन्या लिंकवर परवानगी मागावी लागली.

फाइल हेल्पबरोबरच

फाइल बदलली की पुन्हा प्रकाशन करावं लागतं, आकार वाढतो, आणि लेखकाला कंटाळा येतो. तरी ग्राहकांसाठीच्या हेल्पमध्ये मी दुसरं काही देत नाही. नमुना फाइली पॅकेजमध्ये जातात, आणि इन्स्टॉलर डिजिटल सही करून लॉगिन लागणाऱ्या डाउनलोड पानावर. बाहेर जाणाऱ्या पीडीएफमध्ये सर्व्हरचा पाथ राहिला, तर आपल्या सर्व्हरची नावं आणि फोल्डरची रचना आपण स्वतःहून वाटत असतो.

आतल्या टीमपुरतं असेल तर क्लाउड, वर सांगितलेल्या दोन अटींवर. सर्व्हरचा फोल्डर फक्त मोठ्या, सारख्या बदलणाऱ्या फाइलींसाठी, आणि लिहायची परवानगी दोघातिघांनाच.

प्रकाशनाआधी मी सगळ्या सोर्समध्ये दोन बॅकस्लॅश आणि ‘फाइल कोलन’ शोधते. सापडलेली प्रत्येक लिंक नवीन रुजू झालेल्याला मिळतो तसल्या साध्या खात्यातून उघडते आणि त्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल तयार करून बघते. तयार झाली, तर त्या दिवशी ते पान प्रकाशित होत नाही.