सहा मॅगझिनं, १९८ पौंड ९५ पेन्स, आणि एकही बसत नाही

एअरसॉफ्टच्या खेळातल्या बंदुकीची सहा मॅगझिनं, म्हणजे बंदुकीत खालून खोचायचे गोळ्यांचे डबे. प्रत्येकी ३२ पौंड, वर पोस्टेजचे ६.९५. एकूण १९८.९५. हा आकडा बँकेला आणि पोलिसांना सांगून सांगून मला पाठ झालाय. लाज वाटत होती म्हणून बाकी कुठं दोन महिने बोललो नाही. पण काल रात्री जे दिसलं त्यानंतर गप्प बसणं शक्य नाही.

मी इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहतो. एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर हातात मापं घ्यायचा व्हर्नियर. दोन पार्ट एकमेकांत बसतात की नाही हे तपासण्याचाच मला पगार मिळतो. म्हणून तर हे जास्त झोंबलंय.

रविवारी मुलाला घेऊन एअरसॉफ्ट खेळायला जातो. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून प्लास्टिकच्या बारीक गोळ्या, म्हणजे बीबी, एकमेकांवर मारायचा हा खेळ. माझ्याकडे टोकियो मारुई या जपानी कंपनीची एम४ एमडब्ल्यूएस रायफल आहे, गॅस ब्लोबॅक, म्हणजे गॅसच्या दाबावर चालणारी. गॅसवर खेळणाऱ्यांना सांगायला नको, इथं मॅगझिन म्हणजे नुसता बीबीचा डबा नसतो. गॅसची टाकी त्यातच, व्हॉल्व्ह त्यातच. एकात ३५ बीबी मावतात आणि इथल्या थंडीत गॅसचा दाब इतका पडतो की पहिली पंधरावीस बीबी धड जातात, पुढं बोंब. दोन मॅगझिनांवर सकाळसुद्धा निघत नाही. नवी घ्यायची तर एकेकाला साठ पौंडांच्या वर मोजावे लागतात. तेव्हा जुनी शोधली, यात माझं काय चुकलं? सगळेच शोधतात.

जाहिरात नीटनेटकी होती. निळ्या टॉवेलवर सहा मॅगझिनं ओळीनं मांडलेली, उजेड चांगला. माणूस गोड बोलणारा. माझा हॉप-अप (बीबीला फिरकी देणारा भाग) कसा लावलाय, किती वजनाची बीबी वापरतो, सगळं त्यानं विचारलं. खेळातलाच वाटला.

आणि त्याच जाहिरातीत ते वाक्य होतं. ‘सगळ्या मारुई एम४ ना बसतात.’

हे वाक्य खरं असूच शकत नाही, आणि हे मला माहीत होतं! मारुईच्या एम४ एका जातीच्या नाहीत. साधी इलेक्ट्रिक वेगळी, धक्का देणारी नेक्स्ट जनरेशन इलेक्ट्रिक वेगळी, गॅसवाली एमडब्ल्यूएस वेगळी. तिघींची मॅगझिनं एकमेकींत चालत नाहीत. इलेक्ट्रिकच्या मॅगझिनात गॅसच नसतो, तर ते एमडब्ल्यूएसला चालणार कसं? हे मी स्वतः नव्या पोरांना साइटवर समजावून सांगतो. तरी वाचलं, ‘बिचाऱ्याला लिहिता आलं नसेल’ असं मनाशी म्हटलं आणि पुढं गेलो. त्या क्षणी थांबलो असतो तर... रात्री झोप येत नाही तेव्हा हेच आठवतं. मुलगा शेजारी बसून म्हणाला होता, ‘‘बाबा, सगळे फोटो बाजूनंच काढलेत, वरचा माग ना.’’ मागितला. ‘माल पॅक करून ठेवलाय, उद्या सकाळी पोस्टात टाकतो’ असं उत्तर आलं. मी ‘ठीक आहे’ म्हटलं. बरोबर वरचं तोंडच झाकलं होतं त्यानं. सगळी गोम तिथंच असते. बीबी बाहेर पडते ते ओठ, त्यामागचं गॅसचं रबर, त्यांची उंची आणि जागा. बाहेरून सगळी एम४ मॅगझिनं सारखीच दिसतात.

पैसे बँक ट्रान्सफरनं पाठवले. खात्याचं नाव जुळत नाही असा इशारा ॲपनं दिला. ‘खातं बायकोचं आहे’ असं तो आधीच बोलून बसला होता. दाबलं बटण.

पार्सल मात्र आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. पहिलं मॅगझिन घातलं, अर्ध्याच्या पुढं गेलं आणि अडलं. खट् आवाज आलाच नाही. दुसरं, तिसरं, तेच. गॅस भरून पाहिला तर दोन मॅगझिनं फुसफुसायला लागली, धातूवर पांढरं दव धरलं, बोट चिकटेल इतकं गार. साबणाचं पाणी लावलं तेव्हा व्हॉल्व्हच्या कडेनं बुडबुडे. गॅस अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगा वाळून कडक झालेल्या. रविवारी साइटवरच्या एका जुन्या माणसानं हातात घेताक्षणी सांगितलं, ही डब्ल्यूई या दुसऱ्याच कंपनीच्या गॅस एम४ ची आहेत, तुझ्या एमडब्ल्यूएसला जन्मात चालणार नाहीत. (कुणी कानस मारून बसवायला सांगितलं तर ऐकू नका. बंदूकही जाईल.)

विक्रेत्याला लिहिलं. त्यानं वाचलं आणि मला ब्लॉक केलं.

आता बँकेचं ऐका. ठकवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकांनी परत द्यावेत असा नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथं आहे. मी आशेनं फोन केला. ४० मिनिटं संगीत ऐकवून बाई म्हणाल्या, ‘‘वस्तू मिळाली ना? मग हा तुमच्या दोघांतला वाद आहे, फसवणूक नाही.’’ नाव खोटं, पत्ता नाही, तोंड लपवून पळालेला माणूस, आणि हा वाद? म्हणजे चोरानं पार्सलात विटा भरल्या तर वस्तू मिळाली म्हणायचं? शिवाय दावा मान्य केला तरी १०० पौंडांपर्यंत रक्कम बँक कापून घेऊ शकते. माझे राहिले असते ९८.९५. त्यासाठी तीन फोन आणि दोन अर्ज!

पोलिसांकडे तर ‘गन मॅगझिन’ हे शब्द ऐकताच पलीकडचा आवाज बदलला. खरं शस्त्र आहे का, घरात आणखी काय आहे, लायसन्स आहे का. फसवला गेलो मी, आणि वीस मिनिटं खुलासे देत बसलो तेही मीच. माझ्या नावाच्या आणि रंगाच्या माणसाला तो फोन किती जड जातो हे वेगळं सांगत नाही. शेवटी ऑनलाइन फॉर्म भरा म्हणाले. भरला. एक नंबर आला, त्यानंतर चकार शब्द नाही. कोर्टात जायचं तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पार्सलवर तो नव्हताच.

खरी दिसणारी एअरसॉफ्ट बंदूक घ्यायची तर इथं दुकानदार युकारा ही खेळाडूंची नोंदणी मागतात, त्यासाठी ५६ दिवसांहून कमी नसलेल्या काळात निदान तीनदा खेळल्याची नोंद दाखवावी लागते. मॅगझिनाला यातलं काही लागत नाही. कुणीही विकावं, कुणीही घ्यावं. म्हणूनच हे लोक मॅगझिनांत शिरलेत.

नुसतं ‘एम४’ किंवा ‘ग्लॉक’ असं लिहिलेलं मॅगझिन घेऊ नका. कंपनी, मालिका, गॅस की इलेक्ट्रिक, तिन्ही लेखी मागा. तोंडाचा वरून फोटो हवाच, शेजारी कागदावर आजची तारीख. गॅसचं असेल तर भरून पाच मिनिटं ठेवलेला व्हिडिओ. पेपालच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’नं पैसे मागितले की तिथंच सोडा, त्यात पेपालचं खरेदीदाराला मिळणारं संरक्षण नाही. आणि नाव जुळत नाही असं ॲप म्हणालं तर बायको, भाऊ, कुणाचंही कारण ऐकू नका.

काल रात्री तोच निळा टॉवेल पुन्हा दिसला. नाव नवं, या वेळी चार मॅगझिनं, प्रत्येकी ३५ पौंड. खाली तेच वाक्य, ‘सगळ्या मारुई एम४ ना बसतात.’