शुश्रूषा करणाऱ्यांसाठीचा ताणनियोजन वर्ग : सहा आठवड्यांचा अनुभव

पक्षाघात झालेल्या वडिलांची शुश्रूषा करताना दीड वर्षात माझी झोप आणि धीर दोन्ही खचले, तेव्हा पुण्यातील एका समुपदेशन केंद्राच्या सहा आठवड्यांच्या वर्गात मी नाव नोंदवले. श्वसनाचे व्यायाम शिकवून घरी पाठवतील, एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिल्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांच्या १९६०च्या दशकातील प्रयोगाची ओळख झाली. अंगावर काटा आणणारी एकच चित्रफीत त्यांनी वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवली. वेदनेवर भर देणारे निवेदन ऐकणाऱ्यांपेक्षा अलिप्तपणे माहिती देणारे निवेदन ऐकणाऱ्यांच्या शरीराची प्रतिक्रिया सौम्य होती. प्रसंग आणि ताण यांच्यामध्ये आपले मूल्यमापन उभे असते : यात माझे काय पणाला लागले आहे, आणि माझ्या हाती काय आहे?

याच दोन प्रश्नांवर आम्ही वही भरली आणि मला माझी चूक दिसली. वडिलांची वाचा तिच्या गतीनेच परतणार होती, तरी मी रोज त्यांच्यावर चिडत होतो. उलट, ब्युरोतून रात्रीसाठी मावशी ठेवणे माझ्या हाती असूनही रात्रीचे जागरण मी नशिबाचा भोग मानून सोसत होतो. जिथे धीर धरायचा तिथे मी धडपडत होतो आणि जिथे हालचाल करायची तिथे गप्प होतो. मावशी ठेवल्यावर आठवडाभरात मला सलग सहा तास झोप मिळू लागली. या एका उमजेसाठी मी वर्गाचा ऋणी आहे.

मात्र दोन गोष्टी मला खटकल्या. दहा प्रश्नांच्या ताणमापन प्रश्नावलीचे गुण मार्गदर्शकांनी सर्वांसमोर वाचून दाखवले. ही ० ते ४० गुणांची प्रश्नावली गेल्या महिन्यात आपल्याला किती ताण जाणवला एवढेच सांगते, आजाराचे निदान करत नाही. तरी माझ्या शेजारच्या ताई ते ऐकून रडवेल्या झाल्या. त्यांना रात्रीची मावशी परवडणारी नव्हती, आणि त्यांना उत्तर मिळाले ते ‘दृष्टिकोन बदला’ एवढेच. लाझारस आणि त्यांच्या सहकारी सुझन फोकमन यांच्या मांडणीत पैसा आणि माणसांचा आधार हीसुद्धा सामना करण्याची साधने आहेत. या साधनांना वर्गात पुरेसा वेळ मिळायला हवा होता.

घरी रुग्ण असलेल्यांनी हा वर्ग जरूर करावा. जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वर्गाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही शासकीय सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालू असते.