आरएक्स १०० चा घरी बनवलेला चेंबर : आठ महिन्यांनंतर

यामाहाच्या या टू-स्ट्रोक गाडीला मूळ सायलेन्सरऐवजी पत्र्याचा एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगीर असा दोन शंकूंचा एक्झॉस्ट पाइप, घरी बनवून लावलाय. पाचपैकी तारे मागितले तर साडेतीन. चार महिन्यांपूर्वी दोनच दिले असते, तेही फ्लँजच्या, म्हणजे पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या चकतीच्या, नावाने बोटं मोडत.

आकडे आधी उरकतो. पत्रा १ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड). पाइपच्या लांबीचं ढोबळ सूत्र सगळ्यांना पाठ आहे: एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधलं धुराचं तोंड) उघडा असताना क्रँक फिरतो ते अंश गुणिले ४२,५४५, भागिले आरपीएम. १७६ अंश आणि ८,००० धरले की ९३६ मिमी. पण अंश दुसऱ्याच्या गाडीचे उचलू नका. ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली, तेव्हापासून कितीजणांनी पोर्ट घासलाय देव जाणे. क्रँकवर अंशांच्या खुणांची डिग्री चकती लावून स्वतः मोजा.

पुढचा शंकू ३८ वरून ८८ मिमी, एका बाजूला ४ अंश. उलगडून आखताना मोठी त्रिज्या ६३१, छोटी २७२, मधला कोन २५ अंश. मागचा शंकू ८८ वरून २१, बाजूला १० अंश: २५३, ६० आणि साडेबासष्ट अंश. व्यास पत्र्याच्या जाडीच्या मध्यावरचा धरा, आणि आधी पुठ्ठ्यावर कापून बघा. वळवताना दोन्ही कडा पहिल्यांदा पाइपवर ठोकून वळवून घ्यायच्या, मग मधला भाग. उलटं केलं की जोडाशी चपटी पट्टी राहते आणि ती नंतर काही केल्या गोल होत नाही. आर्क वेल्डिंगच्या नादी लागू नका, १ मिमीला भोकंच पडतात. गॅस किंवा टिग.

शेपटीची नळी आतून २१ मिमी. आवाज मोकळा हवा म्हणून २५ ची लावली तर मागचा दाब जातो आणि वरची ओढही. १८ ची लावली तर उष्णता आत कोंडते आणि पिस्टन जाम होतो. कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मूळपेक्षा दोन-तीन नंबर मोठा टाकून सुरुवात करायची, फुल थ्रॉटलला इंजिन बंद करून प्लग बघायचा आणि मगच खाली यायचं. प्लग पांढरा दिसला तर जेट लहान पडलाय, परत मोठा टाका.

आता तो फ्लँज. सिलिंडरच्या तोंडाशी काळं ऑइल. पुसलं की दोन दिवसांत सिलिंडरच्या फिनवर (बाहेरच्या पात्यांवर) परत ओघळ. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकतो, म्हणून तो १० मिमीच्या पट्टीवर बोल्टने आवळून समोरासमोर टाके मारले होते आणि पूर्ण गार झाल्यावरच सोडला होता. तरी ओल. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासला. तांब्याची रिंग लाल करून पाण्यात विझवली. एकदा दाबली गेलेली रिंग कडक होते, त्यामुळे दर वेळी पाइप उतरवला की हे करावंच लागतं. लाल गॅस्केट पेस्टही लावून पाहिली, तिथल्या उष्णतेत ती करपून पापुद्रे निघाले.

दोष फ्लँजचा नव्हताच. पाइप गाडीला धरणारा मागचा ब्रॅकेट तीन-चार मिमी बाजूला बसला होता आणि बोल्ट पान्याने ओढून घातलेला. सगळा पाइप फ्लँजवर पीळ देत होता. शिवाय ९०० मिमी लोखंड सरासरी २५० अंशांनी तापलं की पावणेतीन मिमी लांबतं. ती वाढ जायची कुठे? ओल त्यामुळेच, आणि पाचव्या महिन्यात ब्रॅकेटच्या वेल्डशेजारी केसासारखी चीर आली तीही त्यामुळेच. चीर नुसती भरली तर शेजारी नवी येते. आत पत्र्याचं ठिगळ, ब्रॅकेटचं भोक लांबट आणि मध्ये रबरी बुश. फ्लँज आधी आवळायचा, मग मागचा बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. नाही गेला तर ब्रॅकेट कापा, बोल्टवर जोर काढू नका. तेव्हापासून तीन महिने फिन कोरडे आहेत.

पिकअपबद्दल बोलायचं तर ५,००० आरपीएमच्या खाली मूळ सायलेन्सरच बरा. शहरात रोज चालवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. वर मात्र गाडी उचलते.

पाइपच्या टोकाला आवाज दाबणारा डबा आहे, त्यातली काचेची लोकर दर दोन महिन्यांनी ऑइल पिऊन चिखल होते. ती स्वस्तात मिळते म्हणून एसी डक्टची भरू नये, तिच्यातला चिकटा जळतो आणि लोकर उडून जाते. लोकर गेली की आवाज पत्र्यासारखा वाजतो, आणि जप्त सायलेन्सर रोलरखाली घालणारे पोलीस तुमची वेल्डिंग बघत बसत नाहीत. जाळीच्या नळीवर लोकर घट्ट गुंडाळून बारीक तारेने बांधायची. डब्याची टोपी वेल्ड न करता तीन स्क्रूंवर ठेवायची. इथे ती वेल्ड केली होती, आता दर वेळी ग्राइंडर काढावा लागतो. अर्धा तारा त्याचाच कापलाय.