वॉल्थर पीपीके ७.६५ एमएम: खिशातलं जुनं पिस्तूल पुण्यात घ्यावं का?

हँडगनचा परवाना हातात आहे आणि खिशात किंवा कमरेला शर्टाखाली मावेल असं काही हवंय, अशा माणसापुढे आपल्याकडे पर्याय मोजकेच. ९ एमएम, .३८, .४५ ही बोअर (नळीची मापं) प्रोहिबिटेड, म्हणजे सामान्य परवानाधारकाला दार बंद. उरतं मुख्यतः .३२. रिव्हॉल्व्हर असेल तर .३२ लाँग, पिस्तूल असेल तर ७.६५ एमएम, म्हणजेच .३२ एसीपी. त्यातही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून वैयक्तिक आयात बंद असल्यामुळे विलायती माल म्हणजे कुणाच्या तरी वडिलांचा किंवा आजोबांचा. या जुन्या मालात सगळ्यात जास्त विचारणा वॉल्थर या जर्मन कंपनीच्या पीपीके पिस्तुलाची होते, आणि भाव ऐकला की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. फिरू नये असं नाही. पण घ्यायचंच असेल तर पैसे नावाचे नाही, मॅगझिनचे आणि स्प्रिंगांचे मोजतोय हे पक्कं लक्षात ठेवून घ्यावं.

आधी मापं. लांबी १५५ मिमी, नळी ८३ मिमी, रिकामं वजन ५९० ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये ७ राउंड. याचं थोरलं भावंड पीपी १९२९ चं. त्याची नळी ९८ मिमी आणि मॅगझिन ८ राउंडचं. दुकानात दोन्ही शेजारी ठेवली की फरक किरकोळ वाटतो, पण बसल्यावर तोच बोटभर दस्ता पोटात टोचतो. लपवून वागवायला पीपीके बरं, धरून मारायला पीपी. पीपीकेच्या मुठीत करंगळी बसतच नाही, म्हणून मॅगझिनच्या तळाला बोट टेकवायची प्लॅस्टिकची जीभ असते. ती तुटलेली असेल तर पकड जाते आणि दुसरी गोळी वर जाते.

रचना अगदी साधी आहे. नळी फ्रेमला पक्की बसवलेली, तिच्याभोवतीच रिकॉइल स्प्रिंग, आणि स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते. कुठलं लॉक नाही. याला ब्लोबॅक म्हणतात. नळी हलत नसल्यामुळे नेम चांगला लागतो. दुसरीकडे स्प्रिंग कडक असावी लागते, आणि एवढ्याशा काडतुसाच्या मानाने धक्का तीक्ष्ण बसतो. ७१ ग्रेनची (सुमारे ४.६ ग्रॅमची) गोळी सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास जाते. ताकद माफकच, पण स्लाइड मागे येते ती झपाट्याने. ज्यांचा पंजा मांसल आहे त्यांना अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीवर दोन समांतर लाल रेघा उठतात, त्या स्लाइडच्या खालच्या कडांच्या. उपाय एकच, पकड केसभर खाली घ्यायची. हातमोजे घालून सराव करण्यात अर्थ नाही, कारण खिशातून काढताना हातमोजे नसणारच.

पहिला चाप डबल अ‍ॅक्शन, आणि तो जड आहे. सहा किलोच्या आसपास ओढावं लागतं. त्यानंतर घोडा मागेच राहतो आणि पुढचे चाप हलके पडतात. नवख्याची पहिली गोळी खाली-डावीकडे (उजव्या हाताचा असेल तर) आणि दुसरी बरोबर मध्ये, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की कागद बघून नेमबाज पीपीकेवर नवा आहे हे सांगता येतं. सराव करायचा तो पहिल्या चापाचाच. दर वेळी डिकॉक करून (म्हणजे गोळी न उडवता घोडा खाली पाडून), मुठीतून पुन्हा उचलून, एकेक गोळी. साइट बारीक असतात, संध्याकाळच्या उजेडात दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. सात मीटरवर सातही गोळ्या पोस्टकार्डात बसल्या की शस्त्राने आपलं काम केलं. त्यापुढे २५ मीटरवर टार्गेट मारायची हौस असेल तर खेळासाठी बनवलेलं पिस्तूल घ्या; हे त्या कामाचं नाही. आणि सराव रेंजवरच. मुळशी-मावळातल्या फार्महाउसवर डोंगराकडे तोंड करून मारणं किंवा वरातीत हवेत उडवणं यात परवाना तर जातोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता खरी गोष्ट, मॅगझिन. ७.६५ चं काडतूस सेमी-रिम आहे, म्हणजे तळाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. ती मागे अडकली की दोन्ही एकमेकांत कुलूप घालून बसतात. स्लाइड ओढली तरी वरचं काडतूस पुढे सरकत नाही, आणि मॅगझिनच्या तळावर थाप मारून काही होत नाही. मॅगझिन काढा, वरचं काडतूस अंगठ्याने दाबून पुढे सरकवून बाहेर घ्या, पुन्हा भरा. पूर्ण लांबीच्या गोल नाकाच्या गोळीत हे क्वचित होतं. काडतूस आखूड असेल तर मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलायला जागा मिळते आणि धोका वाढतो. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवत भरायचं, आणि भरून झाल्यावर मॅगझिनचा पाठीकडचा भाग तळहातावर दोनदा हलका आपटायचा. महिनोन्महिने कमरेला वागवलेलं मॅगझिन अधूनमधून रिकामं करून पुन्हा भरावं, ते यासाठी.

मॅगझिनच्या ओठांकडे, म्हणजे वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या वळलेल्या कडांकडे, नीट बघा. वरून पाहिलं तर दोन्ही ओठ सारखे वळलेले दिसायला हवेत. एखाद्याने पक्कडीने 'सरळ' केलेला ओठ लगेच ओळखू येतो. त्यावर दातांच्या खुणा असतात. असं मॅगझिन म्हणजे प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या राउंडला अडकणार. शेवटचे एक-दोन राउंड नाक खाली घालून रॅम्पवर (नळीत चढायच्या उतारावर) अडत असतील तर दोष ओठांचा नाही, मॅगझिनच्या स्प्रिंगचा. मूळ मॅगझिन आता सहज मिळत नाही. स्थानिक कारागिराने पत्रा वाकवून केलेली मॅगझिनं दिसायला हुबेहूब असतात, पण पत्र्याची जाडी आणि ओठांचा कोन साधत नाही. विकणाऱ्याकडे दोन मूळ मॅगझिनं असतील तर त्या पिस्तुलाला जास्त मोजायला हरकत नाही.

घेण्याआधीची तपासणी विक्रेत्याच्या परवानगीने, मॅगझिन काढून, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून करावी. घोडा मागे घ्या, नळीचं तोंड छताकडे करा आणि रबर लावलेली साधी शिसपेन्सिल रबराची बाजू खाली करून नळीत सोडा. आता स्लाइडवरचा सेफ्टीचा खटका खाली करा. घोडा पडेल, पेन्सिल तसूभरही हलता कामा नये. हलली, तर सेफ्टीचा दांडा फायरिंग पिनला (काडतुसाच्या तळावर आदळणाऱ्या खिळ्याला) वेळेवर अडवत नाही, आणि ते पिस्तूल भरलेलं असताना डिकॉक केलं तर गोळी सुटू शकते. अशा वेळी घासाघीस करत बसू नका, हात जोडून निघा. दुसऱ्या फेरीत खटका वर करून चाप ओढा. पेन्सिल टुणकन नळीबाहेर उडायला हवी. मरगळल्यासारखी उचलली गेली तर घोड्याची स्प्रिंग थकली आहे, आणि कडक प्रायमरची (तळातल्या पेट घेणाऱ्या टोपीची) काडतुसं मिसफायर होणार.

पुढे चापाभोवतीची कडी खाली ओढून किंचित बाजूला टेकवायची, स्लाइड मागे घेऊन वर उचलायची आणि पुढून काढायची. एवढंच उघडायचं असतं. रिकॉइल स्प्रिंगचं एक तोंड घट्ट असतं. काढताना ते कोणत्या बाजूला होतं ते बघून ठेवा आणि तसंच परत घाला. नळीत खड्डे, फुगवटा, चेंबरच्या तोंडाशी ओरखडे बघा. एक्स्ट्रॅक्टरच्या (उडालेलं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखात वर्षानुवर्षांचा काळा गाळ दाबून बसलेला असतो. तो दात कोरायच्या काडीने निघतो आणि अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. मुठीचं प्लॅस्टिक एकसंध असून मागून वळून आलेलं असतं, आणि स्क्रूपाशी हमखास तडकतं. तडा फेविक्विकने चिकटवून वर काळं पॉलिश मारलेला माल फिरतो, नखाने चाचपून बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळातली, 'एसी' (वॉल्थरची सांकेतिक खूण) शिक्क्याची पिस्तुलं घाईत बनवलेली असतात. संग्रहाला ठीक, वागवायला नको. १९५२ नंतरची फ्रान्समधल्या मानुऱ्हिनची पिस्तुलं त्यापेक्षा कमी रुबाबाची मानली जातात आणि वापराला जास्त भरवशाची असतात. हौशी मंडळींना हे पटत नाही, त्यांची मर्जी.

घोड्याच्या वर स्लाइडमधून एक बारीक खिळा डोकावतो, तो चेंबरमध्ये काडतूस असल्याची खूण. अंधारात अंगठ्याने कळते. पीपीकेची सगळ्यात कामाची गोष्ट हीच, पण तिच्यावर विसंबून चेंबर न बघणं बरोबर नाही.

काडतुसं मागताना फक्त 'बत्तीसची द्या' म्हणू नका. .३२ लाँग रिव्हॉल्व्हरचं, त्याला पूर्ण रिम असते आणि ते पिस्तुलात चालत नाही. खोक्यावर ७.६५ एमएम वाचून घ्या, आणि एका वेळी किती, वर्षाला किती हा आकडा आपल्या परवान्यावर बघा. सरावाच्या पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी) मोजून ठेवण्याची सवय लावा, हिशोब कधीही विचारला जाऊ शकतो. पुंगळ्या पंधरा-वीस फुटांवर उडायला लागल्या तर रिकॉइल स्प्रिंग मेली असं समजा. पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकत असेल तर आधी स्वतःचं मनगट तपासा, ढिलं मनगट असलं की ब्लोबॅक पिस्तूल असंच करतं.

वागवण्याबद्दल. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये, अंगाशी, पूर्ण झाकलेली आणि ताब्यात हवी. म्हणजे पट्ट्याला लावून शर्ट वर खोचून लग्नात मिरवणं नियमात बसत नाही, गळ्यात कितीही तोळे असोत. पीपीकेला कमरेच्या आतला होल्स्टर बरा, पण चाप पूर्ण झाकणारा आणि कडक तोंडाचा. मऊ कापडी होल्स्टर पिस्तूल काढल्यावर मिटतो आणि परत घालताना चापात शर्टाचं टोक जातं. पुढच्या खिशात ठेवायचं तर खिशाचा वेगळा होल्स्टर आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ल्या, नाणी तर नाहीतच, सुपारीसुद्धा नाही. तिचा चुरा मॅगझिनमध्ये जातो. दुचाकीवर वाऱ्याने शर्ट फुगून मागून सगळं उघडं पडतं, तेव्हा वर जॅकेट हवं. स्कूटरच्या डिकीत पिस्तूल ठेवून दुकानात जाणं ही सगळ्यात वाईट सवय. मेट्रो, मॉल, मल्टिप्लेक्स, कोर्ट, सगळीकडे तपासणी असते. दिवसातल्या किती ठिकाणी ते बरोबर नेता येणारच नाही याची यादी घेण्याआधीच करा. बऱ्याच जणांचा बेत तिथेच बदलतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल रात्रभर ठेवलं की सकाळी स्लाइडवर तांबूस ठिपके. चामडं ओल धरतं, त्यात घामाचं मीठ. घरी आल्यावर बाहेर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा, सिलिका जेलच्या पुड्यांसकट लोखंडी तिजोरीत ठेवा. तेल चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये मुळीच नको, ते प्रायमरपर्यंत झिरपतं.

कागदपत्रं थोडक्यात. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परवाना आता पाच वर्षांचा, शस्त्रं जास्तीत जास्त दोन. खासगी मालकाकडून घेताना त्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार होत नाही, तेव्हा इसार देताना तारीख लिहून घ्या. पिस्तुलाचा नंबर फ्रेमवर आणि स्लाइडवर एकच आहे का आणि तोच मालकाच्या परवान्यावर आहे का, हे स्वतः वाचा. एका आकड्याच्या फरकाने नोंद अडते. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायला सांगितलं तर ठाण्याची पावती घेऊनच द्यायचं, आणि देताना शस्त्राच्या स्थितीचा फोटो काढून ठेवायचा.

बजेट बेताचं असेल तर देशी कारखान्याचं 'अशनी' ७.६५ मध्येच येतं, आणि त्याची नळी नवी, मॅगझिन नवं. मॅगझिनची कटकटच नको असेल तर २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बघा: .३२ लाँग, सहा राउंड, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६०. सिलिंडरमुळे ते खिशात फुगतं, पण पहिला राउंड मिसफायर झाला तर चाप पुन्हा ओढला की पुढचा समोर येतो. पीपीके मात्र त्यानेच घ्यावं ज्याला महिन्यातून एकदा तरी रेंजवर जायला जमतं, ज्याच्या ओळखीचा परवानाधारक गनस्मिथ आहे, आणि ज्याला पेन्सिलची परीक्षा पास झालेलं, दोन मूळ मॅगझिनांसकट पिस्तूल मिळतंय. एकच मॅगझिन असेल तर भाव खाली आणा, मिळालं नाही तर सोडून द्या.