हसण्यावारी नेण्याची कला : ‘द बीटल्स : गेट बॅक’

बीटल्स या ब्रिटिश बँडचे दोन-तीन चाहते एकत्र बसले की एक वाद हटकून निघतो : चौघांत खरा विनोदी कोण? कोणी जॉन लेननची तिरकस जीभ पुढे करतो, कोणी रिंगो स्टारच्या तोंडून सहज निसटलेली आणि पुढे गाण्यांची शीर्षके होऊन बसलेली वाकडीतिकडी वाक्ये आठवतो, तर कोणाला चेहऱ्यावरची रेषही न हलवता शालजोडीतला हाणणारा जॉर्ज हॅरिसन सर्वांत जवळचा वाटतो. पॉल मॅकार्टनीला या स्पर्धेत फारसे कोणी धरत नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांची ‘गेट बॅक’ ही तीन भागांची माहितीपट-मालिका दोनदा पाहिल्यानंतर मला हा वादच निरर्थक वाटू लागला आहे, कारण या पडद्यावर दिसणारा विनोद कोणा एकाच्या मालकीचा नाही. ती चौघांची मिळून काम करण्याची पद्धत आहे आणि अडचणीचा विषय टाळण्याचीसुद्धा.

ही मालिका 25 ते 27 नोव्हेंबर 2021 या तीन दिवसांत डिस्ने प्लसवर आली. लांबी 468 मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठ तास. जानेवारी 1969 मध्ये मायकेल लिंडसे-हॉग यांनी एका जाहीर कार्यक्रमासाठी चाललेल्या बीटल्सच्या तालमींचे जे चित्रीकरण केले होते, त्यातील सुमारे 60 तासांची फिल्म आणि 150 तासांचे ध्वनिमुद्रण यांतून ती घडवली आहे. याच सामग्रीतून 1970 मध्ये ‘लेट इट बी’ हा चित्रपट निघाला होता. तो आला तेव्हा बँड फुटलेला होता, त्यामुळे त्या महिन्यावर कायमचे सुतकी सावट पडले. जॅक्सन यांनी तोच महिना दिवसागणिक, कॅलेंडरवर फुली मारत दाखवला आहे आणि त्या दिवसांत भांडणांपेक्षा हशा कितीतरी अधिक आहे.

सर्वाधिक बोलले गेलेले दृश्य पहिल्या भागात, 7 जानेवारीला येते, आणि त्याची कीर्ती रास्त आहे. लंडनमधील ट्विकनहॅमचा थंडगार, गोदामासारखा स्टुडिओ. जॉन अजून आलेला नाही. समोर रिंगो आणि जॉर्ज बसले आहेत आणि जॉर्ज चक्क जांभई देतो आहे. पॉल बेस गिटार साध्या गिटारसारखी खसाखसा वाजवत, शब्दांऐवजी नुसते हुंकार भरत काहीतरी चाचपडत असतो. एक-दोन मिनिटांत त्या हुंकारांतून ‘गेट बॅक’ याच नावाच्या गाण्याची चाल उमटू लागते. जांभई देणारा जॉर्ज गिटार उचलतो, रिंगो टाळ्यांनी ताल धरतो आणि नंतर आलेला जॉन काहीही न विचारता त्यात मिसळून जातो. गाणे कसे सुचते याविषयी पानेच्या पाने लिहिली जातात. येथे ते डोळ्यांदेखत घडते, आणि तेही कोणी त्याकडे विशेष लक्ष देत नसताना.

मात्र माझ्या मते मालिकेचा गाभा त्याहून लहान, वरवर पोरकट वाटणाऱ्या प्रसंगांत आहे. तिसऱ्या भागात जॉन आणि पॉल ‘टू ऑफ अस’ हे अख्खे गाणे दात घट्ट आवळून, ओठ न हलवता, शब्दभ्रमकार बोलतात तसे म्हणतात. प्रथम पाहताना ही निव्वळ टवाळी वाटते. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की असंख्य वेळा घोटून शिळे झालेले गाणे ताजे ठेवण्याचा त्यांचा हा उपायच आहे. एवढ्या हसण्यातही दोघांचे सूर एकमेकांना धरून राहतात. तशीच गोष्ट ‘समथिंग’ या जॉर्जच्या गाण्याची. एका ओळीचा शब्द सहा महिने सापडत नसल्याची तक्रार जॉर्ज करतो, तेव्हा जॉन त्याला सांगतो की योग्य शब्द मिळेपर्यंत मनात येईल ते घाल, ‘फ्लॉवर’ म्हण हवे तर! आणि थोडा वेळ तो भाजीतला फ्लॉवर त्या प्रेमगीतात खरोखरच मुक्काम ठोकतो. नवशिक्या गीतकाराला याहून उपयोगी सल्ला क्वचितच मिळेल.

या पद्धतीची किंमतही मालिका लपवत नाही. 10 जानेवारीला जेवणाच्या सुमारास जॉर्ज शांतपणे बँड सोडतो. तो आरडाओरडा करत नाही, दार आपटत नाही; उरलेले तिघे काही वेळ कर्कश वाजवत राहतात आणि जॉन, जॉर्ज परतला नाही तर एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाला बोलावू, असे सहज बोलून जातो. हा विनोद होता की धमकी, हे मला दोन्ही वेळा ठरवता आले नाही. वर्षानुवर्षे ज्या जॉर्जची गाणी ‘नंतर पाहू’ म्हणून मागे राहिली, त्याचे जाणेही हसण्यावारीच नेले जाते. थेट बोलणे होते ते तीन दिवसांनी, उपाहारगृहात, आणि तेही जॉन व पॉल यांना ठाऊक नसलेल्या, फुलदाणीत दडवलेल्या मायक्रोफोनसमोर. पडद्यावर चित्र नाही, फक्त आवाज आणि अक्षरे. एका जखमेवर आपण मलमपट्टीही केली नाही, अशा अर्थाची कबुली तेथे ऐकू येते आणि त्या संभाषणात विनोद जवळजवळ नाहीच.

स्वभावांचे दर्शन म्हणावे तर सर्वांत अनपेक्षित वाटला तो पॉल. कोणाला तरी मुकादमगिरी करावीच लागणार आणि ती केली की आपणच वाईट ठरणार, हे त्याला पुरते कळलेले आहे. जॉनची प्रेयसी योको ओनो हिच्याविषयी तो जे बोलतो, त्याने तर चाहत्यांच्या पन्नास वर्षांच्या गप्पांतील हवाच निघते : पन्नास वर्षांनी लोक म्हणतील की योको ॲम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले, अशी थट्टा तो 1969 मध्येच करून मोकळा होतो. रिंगो कमी बोलतो, पण कोणी काहीही छेडले तरी दोन मात्रांत त्याला नेमका ठेका सापडलेला असतो. ढोलवादकाची थोरवी समजावून सांगायला हे आठ तास पुरेसे आहेत. आदल्या वर्षीच्या ऋषिकेशच्या आश्रमातील मुक्कामाची घरगुती फिल्म पाहून पॉल त्याबद्दल सांगू लागतो, तेव्हा जॉर्जच्या खोचक उत्तरातून त्या आश्रमाचे गांभीर्य चौघांत कोणाला किती होते ते बरोबर कळते.

22 जानेवारीला कीबोर्डवादक बिली प्रेस्टन येतो, इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि खोलीचे हवामान बदलते. पाहुणा घरात आला की भावंडे जशी शहाण्यासारखी वागू लागतात, तसे काहीसे घडते. वाजवताना त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मला गिटारच्या कोणत्याही तुकड्याइतकेच मोलाचे वाटते.

तांत्रिक बाजूविषयी संमिश्र मत आहे. एकाच पट्टीत मिसळलेले आवाज संगणकाच्या साहाय्याने सुटे करण्याचे काम थक्क करणारे आहे. खासगी बोलणे मायक्रोफोनला कळू नये म्हणून ही मंडळी मुद्दाम गिटार खणखणवत असत. ती गिटार बाजूला सारून मागचे बोलणे आता ऐकवले गेले आहे. याच तंत्राने पुढे एका जुन्या कॅसेटमधून जॉनचा आवाज पियानोपासून वेगळा काढता आला आणि 2023 मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचे गाणे पूर्ण झाले. चित्राच्या बाबतीत मात्र हात सैल सुटला आहे. 16 मिलिमीटर फिल्मचे कण इतके पुसले आहेत की काही चेहरे मेणाचे भासतात. संवादाला जोडलेले दृश्य नेहमी त्याच क्षणाचे असेलच असे नाही. पहिला भाग रेंगाळतो. लिबियातील प्राचीन रंगमंचावर कार्यक्रम करावा की नाही, ही चर्चा निम्म्यात आटोपली असती तरी चालले असते. आठही तास दोन दिवसांत संपवण्याची चूक मी पहिल्या वेळी केली. रोज तासभर पाहणे अधिक सुखाचे.

एवढे सगळे सोसल्याचे फळ 30 जानेवारीला, लंडनमधील 3 सॅव्हिल रो या बीटल्सच्या कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवर मिळते. सुमारे 42 मिनिटांचा तो अखेरचा जाहीर कार्यक्रम येथे सलग आहे. दहा कॅमेऱ्यांची दृश्ये पडदा विभागून दाखवल्यामुळे वर गाणे, रस्त्यावर कुतूहल आणि दाराशी पोलीस हे तिन्ही एकाच वेळी दिसतात. गारठ्यामुळे जॉनने योकोचा फरकोट आणि रिंगोने बायकोचा लाल रेनकोट चढवलेला आहे. पोलीस गच्चीवर पोहोचतात आणि त्यांच्यादेखत ॲम्प्लिफायर बंद केला जातो. जॉर्ज तो पुन्हा सुरू करतो. चौघांत सर्वांत धाकटा, 25 वर्षांचा, तीन आठवड्यांपूर्वी बँड सोडून गेलेला जॉर्ज. पॉल पोलिसांकडे पाहून मिश्कील आरोळ्या ठोकत गाणे पुढे रेटतो.

श्रेयनामावली सुरू झाली की यंत्रणा पुढचे काहीतरी लावायची घाई करते. तेवढे तातडीने थांबवावे. 31 जानेवारीचे ध्वनिमुद्रण त्या नावांच्या सोबतीने दाखवले आहे. आदल्या दिवशी लंडनची वाहतूक अडवणारी ही मंडळी त्याच इमारतीच्या तळघरात पुन्हा तेच कडवे चुकतात, हसतात आणि मोजून नव्याने सुरुवात करतात.